मूळ कापलेली पाती

गुलाबराव अंभोरे चोर आहे. हे मी म्हणत नाही, कारखान्याच्या गेटवर प्लास्टिकमध्ये बसवून लावलेली नोटीस म्हणते. ‘खालील इसमांस कारखान्याच्या आवारात प्रवेशास सक्त मनाई आहे’ असं वर लिहिलंय आणि खाली इसम एकच आहे. नोटिशीतलं मराठी अगदी शुद्ध आहे, कारण ज्या कबुलीजबाबावरून ती निघाली तो माझ्या हातचा आहे. मी भगवानराव, याच कारखान्याचा निवृत्त स्टोअरकीपर. कारखाना चालू होता तोवर मालाची देवघेव केली, बंद पडल्यावर काय काय चोरीला गेलं त्याच्या याद्या केल्या. दुसऱ्या कामाला कागद जास्त लागला.

आमचा साखर कारखाना मेहकरहून साखरखेर्ड्याकडे जाताना लागतो. नाव सांगत नाही. ते एका थोर माणसाचं आहे आणि त्यांची यात काहीच चूक नाही.

कारखाना उभा राहिला तेव्हा त्या वेळच्या चेअरमनसाहेबांनी, म्हणजे आताच्या चेअरमनसाहेबांच्या वडिलांनी, परदेशातून जुनं टर्बाइन आणलं. नव्यापेक्षा वापरलेलं यंत्र भरवशाचं असतं, असं त्यांनी सभेत सांगितलं होतं. टाळ्या वाजवायला मीही होतो. ते टर्बाइन ट्रेलरवरून उतरवणाऱ्या हमालांमध्ये गुलाबराव होता. उतरवून झाल्यावर बाकीचे हमाल गेले, हा तिथेच पाहत उभा राहिला. मशीन बसवायला आलेल्या फोरमनला पाने देता देता दोन वर्षांत तो फिटर झाला. आयटीआयची पायरी तो कधी चढला नाही. त्यामुळे शिकलेल्या लोकांना त्याचं म्हणणं कायम चुकीचं वाटायचं आणि मशीनला बरोबर वाटायचं.

टर्बाइन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. बॉयलरची वाफ एका मोठ्या चाकावर सोडतात. चाकाच्या कडेला पोलादी पाती दाटीने बसवलेली असतात. वाफ पात्यांना ढकलते, चाक फिरतं, वीज होते. आमच्या टर्बाइनच्या शेवटच्या रांगेत अशी शहात्तर पाती, प्रत्येक वीतभर लांब. पात्याचा खालचा जाड भाग चाकाच्या खाचेत अडकवलेला असतो. गुलाबराव त्याला मूळ म्हणायचा. सगळा भार त्या मुळावर. चाक मिनिटाला हजारो फेरे घेत असताना एखादं मूळ तुटलं, तर ते पातं आजूबाजूला काही शिल्लक ठेवत नाही.

दर दोन-तीन वर्षांनी टर्बाइन उघडून पाती तपासायची. गुलाबरावची पद्धत अशी, की पातं बाहेर काढायचं, सुतळीला टांगायचं आणि पितळेच्या बोल्टाने टिचकी मारायची. चांगलं पातं देवळातल्या लहान घंटेसारखं वाजायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत वाजत राहायचं. मुळाशी चीर गेलेलं पातं ‘ठक’ म्हणून गप्प बसायचं. अशा पात्यावर तो खडूची फुली मारायचा. पुण्या-मुंबईचे इंजिनिअर यंत्रांच्या पेट्या घेऊन यायचे, फुल्या पाहून हसायचे आणि संध्याकाळी त्याच फुल्या आपल्या रिपोर्टात उतरवायचे.

आता तुळशीरामचं सांगतो, कारण तिथूनच गुलाबराव बिघडला.

गुलाबराव दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा. खंडेनवमीच्या आदल्या रात्री निघायचा, तीन दिवसांनी परत. एका वर्षी नऊ पात्यांवर फुली मारून तो गेला. इकडे गळीत हंगामाची तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले, मांडव पडलेला. नवी पाती यायला अवकाश होता. कोणीतरी डोकं चालवलं, नऊ पाती पॉलिश करून परत बसवली आणि टर्बाइन बंद करून वरून पोपटी रंग दिला. गुलाबराव आला तेव्हा रंगही वाळला होता. त्याने विचारलं तर सांगण्यात आलं, की साहेब लोकांनी पाहिलंय. अकराव्या दिवशी पातं उडालं, तेलाची नळी फुटली आणि आग लागली. तुळशीराम मशीनला तेल घालणारा, बीबी गावचा. गेज पाहायला म्हणून टर्बाइनजवळ उभा होता. चौकशी समितीने तुळशीरामचा निष्काळजीपणा ठरवला. मेलेला माणूस दुसरी बाजू मांडत नाही, त्यामुळे समितीचं काम लवकर आटोपलं.

तेव्हापासून गुलाबरावने नियम केला. ज्या दिवशी पातं बाद, त्याच दिवशी त्याचं मूळ ग्राइंडरने कापायचं. मूळ नाही तर पातं चाकात बसत नाही, बसत नाही तर कोणाच्या डोक्यात येत नाही. कापलेल्या पात्याचं तो खुरपं करायचा. पोलाद असं, की तापवायचीही गरज नाही. थंडच धार लावायची, मागे लोखंडी शेपूट रिव्हेटने जोडायची, बाभळीची मूठ ठोकायची. पात्याला मुळातच एक पीळ असतो, तो तुरीच्या बुंध्याशी बरोबर वळतो. गंज नाही, झीज नाही. मेहकरपासून बीबीपर्यंत निंदणाऱ्या बायकांच्या हातात ही खुरपी गेली. सोयाबीन निंदायला येणारी आमची शालूबाई सांगायची, “हे खुरपं सासूवानी हाये भाऊ. वीस वर्सं झाले, झिजतच नाही.”

लोक त्याला खुरपी-इंजिनिअर म्हणायला लागले. मीसुद्धा म्हणायचो. एवढा हुशार फिटर परदेशी पोलादाची खुरपी करत बसतो, याचं आम्हाला फार हसू यायचं. तुळशीरामचं नाव त्यात कोणी काढत नव्हतं.

आता माझी करामत ऐका.

पुढच्या एका ओव्हरहॉलिंगला एकोणीस पाती बाद निघाली. गुलाबरावने ती बाकावर ओळीने मांडून ठेवली, मूळ कापायला घेणार तेवढ्यात ग्राइंडरची चकती फुटली. दुसरी चकती मेहकरहून यायची होती आणि त्याची नागपूरची गाडी होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. स्टोअरमध्ये शस्त्रपूजेचा मान माझा. पाने, हातोडे, घण दरवर्षी मांडायचो, पण तेलकट हत्यारांची पूजा करून मन भरत नव्हतं. बाकावर ती एकोणीस पाती चकचकत होती. मी ती गोल मांडली, तेल लावलं, शेंदूर लावला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. असं पूजन जिल्ह्यात झालं नसेल, असं मला वाटलं. तेही खरंच होतं.

गुलाबराव परत आला तो नवी चकती खिशात घालूनच. मी स्टोअरच्या दारात आडवा उभा राहिलो. पूजा झालेल्या वस्तूवर ग्राइंडर चालवू देणार नाही म्हणालो.

“भगवानराव, थे पाती बाद हायेत,” तो म्हणाला.

“असू दे. आता त्यांचा देव झालाय.”

त्याने शेंदराकडे पाहिलं. माझ्या देवांवर त्याचा विश्वास नव्हता, पण कोणाच्या देवाला तो कधी वाकडं बोलला नाही. तो मला ‘तुमी’ म्हणतो आणि मी त्याला ‘तू’ म्हणतो, हे पहिल्या दिवसापासून असंच चालत आलंय आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं.

“देव करा नाहीतं खुरपं करा,” तो शेवटी म्हणाला, “पण मशीनमधी जाऊ देऊ नोका. एवढा शब्द द्या मले.”

मी शब्द दिला. स्टोअरच्या देव्हाऱ्याकडे हात करून दिला. शब्द द्यायला मला काही लागत नाही.

ती पाती देव्हाऱ्यातच राहिली. दरवर्षी खंडेनवमीला तेल आणि शेंदूर. माझ्या या भक्तीमुळे त्यांच्यावर गंजाचा ठिपकाही आला नाही, हे पुढे फार महागात पडलं.

मग कारखाना बंद पडला. का पडला हे विचारू नका, अजून समिती बसलेली आहे. बंद कारखान्यातून आधी तांब्याच्या तारा गेल्या, मग मोटारी, मग वजनकाट्याचे सुटे भाग, मग दारं-खिडक्या. एकदा तर एक अख्खी बस गेली आणि ती चालत गेली. नेणारे कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून यादीत ‘अज्ञात इसम’ लिहायचो. टर्बाइनची सुटी, चांगली पाती एका लाकडी खोक्यात होती. गुलाबरावने ती स्वतः वाजवून, तेलात बुडवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. एक दिवस खोकं रिकामं दिसलं. मी यादीत लिहिलं: ‘सुटी पाती, अज्ञात इसम.’ त्या दिवशी गुलाबराव सायकलच्या कॅरिअरवर पोतं बांधून गेटमधून गेला होता आणि मी त्याला रामराम केला होता. त्याने माझ्या रामरामाला जय भीम म्हटलं होतं. पोत्यात काय, हे मी विचारलं नाही.

दहा-अकरा वर्षं अशी गेली. मागच्या वर्षी निवडणूक जवळ आली आणि कारखान्याला जाग आली. नवे चेअरमन, म्हणजे जुन्यांचे चिरंजीव, यांनी बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख जाहीर केली. मोठे पाहुणे येणार. पुण्याच्या एका ठेकेदाराने टर्बाइन उघडलं. ठेकेदाराचा इंजिनिअर ऋत्विक नावाचा, वयाने लहान, बोलायला गोड. आमची भाषा ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर लोककला पाहिल्याचा आनंद दिसायचा.

चेअरमनच्या माणसाने मला बोलावून विचारलं, सुटी पाती कुठे असतील? मी म्हणालो, सुटी चोरीला गेली. त्याने स्टोअरची चावी मागितली, पाहून घेतो म्हणाला. निवृत्त झालो तरी चावी माझ्याचकडे होती. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला काहीतरी मागत होतं, याचाच मला आनंद झाला. मी चावी दिली आणि घरी जाऊन जेवलो.

चारच दिवसांत बातमी आली, की टर्बाइन तयार आहे. शेवटच्या रांगेतली एकोणीस पाती खराब होती, ती बदलली आणि जुनी त्याच दिवशी भंगारवाल्याला विकली. देव्हाऱ्यात एकोणीस होती म्हणून चाकातली बरोबर एकोणीस खराब निघाली, हे गणित मला तेव्हा सुचलं नाही.

आता ठेकेदाराला एक कागद हवा होता. उद्या काही झालं तर कोणाकडे तरी बोट दाखवता आलं पाहिजे. ‘सदर टर्बाइनची पाती मी तपासली असून ती सुस्थितीत आहेत’ असं लिहून त्याखाली एका स्थानिक, अनुभवी फिटरची सही. असा फिटर पंचक्रोशीत एकच होता. सत्तरीला टेकलेला, घरी शेतात निंदण करणारा. चेअरमनने त्याला ऑफिसात बोलावलं आणि खुर्ची दिली. त्या ऑफिसात गुलाबरावला मिळालेली ती पहिली खुर्ची. टेबलावर दोन कागद होते. एक त्या सहीचा. दुसरा त्याच्या मुलाच्या नेमणुकीचा: प्रेमानंद गुलाबराव अंभोरे, टर्बाइन ऑपरेटर, कायम.

“एक कागद तुमचा, एक पोराचा,” चेअरमन म्हणाले. “दोन्ही एकाच फायलीत हायेत काका.”

प्रेमानंदचं वय छत्तीस. आयटीआय झालेला, बीबीच्या फाट्यावर वेल्डिंगचं दुकान. कायम नोकरी नाही म्हणून दोन ठिकाणी लग्न मोडलेलं. गुलाबरावने दोन्ही कागद वाचले आणि म्हणाला, “पाती वाजवून पाहतो, मंग सही.”

पॉवरहाऊसमध्ये त्या दिवशी सकाळी मीही होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण रिकामा माणूस जातोच. बाहेर समारंभाची तयारी चालली होती, दारात बायका रांगोळी आधीच काढून पाहत होत्या. टर्बाइनचं झाकण अजून वर टांगलेलं होतं. गुलाबरावने खिशातून तोच पितळी बोल्ट काढला आणि एकेक पातं वाजवायला लागला. मध्येच त्याचा हात थांबे, तो मागे येई, परत वाजवी. ऋत्विक त्याला समजावत होता, की काका, चाकात घट्ट बसवलेल्या पात्याचा आवाज असाच थोडा दबतो, त्यावरून काही ठरवता येत नाही. ते खरं होतं. गुलाबरावनेही मान डोलवली. मग तो वाकला, एका पात्याच्या मुळापाशी बोटाचं नख घालून काहीतरी खरवडलं आणि नख उजेडात धरलं. नखात शेंदूर होता.

तो वळून माझ्याकडे पाहत म्हणाला, “भगवानराव, देव कुठी हायेत?”

मी स्टोअरकडे पळालो. या वयात पळणं म्हणजे काय ते माझ्या गुडघ्यांना ठाऊक. देव्हाऱ्यात नारळाच्या शेंड्या होत्या, वाळलेली फुलं होती आणि एकोणीस तेलकट डाग होते. तुळशीरामची बायको सोजराबाई चौकशीच्या दिवशी गेटबाहेर दिवसभर बसून होती, ती मला दिसायला लागली. परत येऊन मी सगळ्यांसमोर सांगितलं, की ही पाती बाद आहेत, माझ्यामुळे राहिली आहेत. चेअरमन म्हणाले, “हे आता सांगता?” त्यांचा राग मला अगदी योग्य वाटला.

ऋत्विकने मात्र पोरांना पाती काढायला लावली. तीन काढेपर्यंत दुपार झाली. गुलाबरावने मुळं रॉकेलने पुसून कोरडी केली. प्रेमानंदने दुकानातून आणलेल्या गॅसने ती हलकी तापवली. मग गुलाबराव दारात गेला, बायकांना विचारून ओंजळभर पांढरी रांगोळी घेतली आणि धोतराच्या फडक्यातून चाळून मुळांवर भुरभुरली. “थांबा जरासं,” म्हणाला आणि बिडी न पेटवता नुसती हातात धरून बसला.

पाव तासात पांढऱ्यावर केसाएवढी शेंदरी रेघ उमटली. मग दुसऱ्या पात्यावर. मग तिसऱ्यावर. इतकी वर्षं मी लावलेलं तेल आणि शेंदूर त्या चिरांमध्ये झिरपून बसलं होतं, ते उष्णतेने बाहेर येत होतं. पुण्याच्या पेटीतही यासाठी लाल रंगच असतो, असं ऋत्विक नंतर हळूच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आता लोककला नव्हती. जमलेल्यांपैकी दोघांनी हात जोडले.

“देव रडून राह्यले,” एक जण म्हणाला.

“रडत नाहीत बे,” गुलाबराव म्हणाला, “तेल सुटून राह्यलं.”

चेअरमन नेतृत्वगुणांचे आहेत, त्यांनी लगेच तोडगा काढला. “ही तीन बाजूला ठेवा, बाकी सोळा चालू द्या.” ऋत्विक नाही म्हणाला. मुलाखतीत असं बोलायला कोणी शिकवत नसेल, पण तो म्हणाला. नवी पाती यायला आठ महिने. समारंभाला पाच दिवस. चेअरमननी नेमणुकीचा कागद फायलीसकट बगलेत घेतला.

“एकोणीस पायजेत ना?” गुलाबराव म्हणाला. “माह्या घरी हायेत. चांगले. याच रांगेतले.”

मग कारखान्याचे एम. डी., म्हणजे कार्यकारी संचालक, बोलले. एम. डी. कायद्याचे पक्के. ते म्हणाले, पाती घेता येणार नाहीत. विकत घ्यायची तर तीन कोटेशनं लागतील. देणगी म्हणून घ्यायची तर ज्याची वस्तू त्यानेच देणगी द्यायला हवी, आणि पाती तर कारखान्याचीच. कारखाना कारखान्याला देणगी देऊ शकत नाही. शिवाय भगवानरावांच्या यादीत ती चोरीला गेलेली आहेत. तेव्हा एकच मार्ग उरतो, चोरीचा माल परत मिळाला असं दाखवायचं. त्याला चोर लागेल, चोराची कबुली लागेल. पोलिसांत देणार नाही, मात्र नियमाप्रमाणे प्रवेशबंदी करावी लागेल. हे बोलताना त्यांना अवघडल्यासारखं झालं असावं, कारण त्यांनी चहा मागवला.

ज्या कारखान्यातून बस चालत गेली, त्याला अखेर चोर सापडला.

गुलाबराव घरी गेला. मीही मागे गेलो. त्याच्या बायकोने, जनकाबाईने, सगळं ऐकून घेतलं आणि तिचा बांध फुटला.

“नोकरी देऊन राह्यले की डाग देऊन राह्यले? चोर म्हून लिहून देता तुमी? उद्या सोयरीक आली तं लोकं म्हनतीन, चोराचा पोरगा हाये. म्या या घरात उपास काढले, पन कोनाची काडी उचलली नाही.” ती माझ्याकडे वळली. “आन् तुमी कायले आले भाऊ? देव पाहाले?”

प्रेमानंद उंबऱ्यात बसला होता. म्हणाला, “बाबा, सही बी करू नोका आन् कबुली बी देऊ नोका. मले नाही पायजे थे नोकरी. माहं दुकान बरं हाये.”

“तू नाही गेला तं दुसरा जाईन,” गुलाबराव म्हणाला. “मशीन तं थे सुरू करनारच हायेत. आज नाही तं आठ दिवसानं, हा इंजिनिअर नाही तं दुसरा. गेजजवळ कोनी तं उभा राहीनच ना. तुळशीरामले म्या उचललं होतं पोरा. हातात कातडं आलं होतं.”

हे त्याने पूर्वी कोणाला सांगितलं नव्हतं. जनकाबाई आत निघून गेली.

कबुलीजबाब मी लिहिला. मजकूर कसा असतो हे मला पाठ होतं, इतकी वर्षं अज्ञात इसमांसाठी लिहीत आलो होतो. लिहिण्यापूर्वी मी म्हणालो, “गुलाबराव, माझं नाव घालू का?” मी ते एकदाच म्हणालो आणि हळू आवाजात म्हणालो. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. “लिहा,” म्हणाला. मी लिहिलं: मी, गुलाबराव अंभोरे, कबूल करतो की कारखान्याच्या मालकीची एकोणीस पाती मी चोरून नेली. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि सही केली. शेवटच्या अक्षराखाली नेहमीसारखी रेघ ओढली.

पुढचे तीन दिवस त्याला चौकीदाराच्या पहाऱ्यात आत सोडलं. त्याने प्रत्येक पातं परत वाजवलं. साखरखेर्ड्याच्या सोनाराकडे नेऊन वजनं केली, चौकीदार सोबत. समोरासमोरची पाती सारख्या वजनाची बसवली, नाहीतर चाक थरथरतं. मुलाकडून बसवून घेतली, एकेक मूळ हाताने चाचपून पाहिलं. चौथ्या दिवशी झाकण बंद झालं, त्याने ठेकेदाराच्या कागदावर सही केली, प्रेमानंदला नेमणुकीचा कागद मिळाला आणि गेटवर नोटीस लागली.

समारंभात चेअरमन छान बोलले. कारखान्याची लूट करणाऱ्यांना आपण सोडणार नाही, एकाकडून माल वसूल केला आहे, सुरुवात झाली आहे, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. या वेळी मी वाजवल्या नाहीत, ही माझी क्रांती.

गुलाबराव तेव्हा गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसला होता. मी भाषण सोडून त्याच्याजवळ जाऊन बसलो. आतून आधी वाफेचा सुसाट आवाज आला, मग एक बारीक सूर वर वर चढत गेला आणि एका जागी स्थिर झाला. गुलाबराव मान तिरकी करून ऐकत होता. चहाचा कप त्याच्या हातात तसाच होता. सूर बराच वेळ तसाच राहिला तेव्हा त्याने कप खाली ठेवला.

“बरोबर हाये,” म्हणाला आणि डोळे पुसले. मीही पुसले. आत गेजजवळ प्रेमानंद उभा होता.

राहिले ते देव. ठेकेदाराने ती एकोणीस पाती भंगारात टाकली होती. या वेळी मी विचारलं नाही, चावी मागितली नाही, पोत्यात भरली आणि सायकलवर घालून गेटमधून बाहेर आणली. चौकीदाराने रामराम केला. म्हणजे नोटिशीवर खरं तर दुसरं नावही हवं, पण ते कोणी लिहिणार नाही.

गुलाबरावच्या अंगणात आम्ही दोघं बसलो. तो ग्राइंडर चालवत होता आणि मी पातं धरून बसलो होतो. ठिणग्या माझ्या धोतरावर पडत होत्या. एकोणीस मुळं एका घमेल्यात पडली. त्यांपैकी एक खुरपं त्याने मला दिलं. मी ते देव्हाऱ्यात ठेवलं नाही, रुखमाबाईला दिलं, माझ्या बायकोला. तिने दुसऱ्या दिवशी परसातली मेथी निंदली.

उठता उठता मला ओसरीवरच्या पेटीत काहीतरी दिसलं. जनकाबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, तेलाचा वास. मी उघडून पाहिलं. पाती होती. मुळासकट, चार.

“गुलाबराव, हे काय?”

“तेवीस होती,” तो म्हणाला. “तुमी एकोणीसच लिहिली.”

“अरे, मग ही चार?”

“थे पुढच्या बारीले लागतीन. या लोकायचा भरवसा हाये का तुमाले? पोरगं आत उभं हाये माहं.” त्याने पाती माझ्या हातून घेतली, एकेकाला टिचकी मारून कानाशी धरली आणि परत गुंडाळली. मग हसला. चोर झाल्यापासून तो पहिल्यांदा हसला. “आन् पुढच्या बारीले कबुली तुमी द्या भगवानराव. दर खेपी एकच चोर बरा दिसत नाही.”

म्हणजे त्याने त्या दिवशी ऐकलं होतं.

मी ‘हाव’ म्हणालो. आत चुलीपाशी जनकाबाई होती. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो.